डावीकडचं पाणी

हाफमून बे, स्ट्यूअर्ट बेट
९ जानेवारी १९८६

प्रिय मोरॅग,

एक अत्यंत गंभीर तक्रार नोंदवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. गेल्या मंगळवारी सकाळी सव्वासातपासून सात पंचावन्नपर्यंत, म्हणजे पूर्ण चाळीस मिनिटं, या बेटावरच्या एकुलत्या एक दुकानाची मालकीण आणि टपालखात्याची एकुलती एक प्रतिनिधी स्वतःच्याच न्हाणीघरात अडकून पडली होती. कडी लागलेली नव्हती, कुलूप नव्हतं. फक्त दाराच्या मुठीवर मेंढीच्या चरबीचा असा काही थर होता, की माझा हात गरागरा फिरत होता आणि मूठ जागच्या जागी. टॉवेलने पुसायला गेले, तर टॉवेल मुठीपेक्षा ओशट. शेवटी खिडकीतून ओरडले. दुकानापुढे ताटकळणाऱ्या लोकांनी वर पाहिलं, आणि त्यातला एक म्हणाला, "इसोबेल, आज टपाल वरूनच टाकणार का?"

नाताळच्या उन्हाळी सुट्टीत तू दोन आठवडे इथे राहिलीस. रोज पहाटे, पाणी बाधू नये म्हणून, अंगाला चरबी थापून पोहायला गेलीस आणि येऊन माझं घर वंगण घातल्यासारखं करून ठेवलंस. मी बोलले नाही. बोलले असेन तर थोडंच बोलले. पण फेरीबोटीच्या फळीवर एक पाय ठेवून तू जे सांगून गेलीस, ते काही मला गिळवत नाहीये. म्हणे, याच उन्हाळ्यात सामुद्रधुनी पोहून पार करणार. बेटापासून ब्लफपर्यंत, तीस किलोमीटर. बाई गं, ती फेरीबोटसुद्धा ते अंतर कुरकुरत कापते.

तुझ्या बापाने तीन वर्षांपूर्वी हा उद्योग केला आणि तो अर्धवट राहिला. एका घराण्यातून एक मूर्ख पुरे झाला. मी त्याची सख्खी बहीण आहे, म्हणून हे मी बोलू शकते. दुसऱ्या कुणी बोललं तर मी त्याला टपालाची तिकिटं विकत नाही.

मुठी तीनदा साबणाने धुतल्या. पुढल्या वेळी हातमोजे घालून दार उघड.

तुझी आत्या,
इसोबेल


इन्व्हरकार्गिल
१६ जानेवारी

प्रिय आत्या,

मुठींबद्दल माफ कर. हसत नाहीये. (थोडी हसले.)

क्लॅरीशी बोलून झालंय. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात वारा पडला की तो त्याची होडी घेऊन माझ्याबरोबर येईल. बाबांच्या वेळी तोच होता, त्यामुळे प्रवाह त्याला पाठ आहेत. शाळेतून रजाही मिळाली. कशासाठी पोहणार, असं मुख्याध्यापकांनी विचारलं. मी सांगितलं: स्वतःच्या मर्यादा ओलांडायला, मनाची ताकद अजमावायला, आणि मुलांपुढे जिद्दीचा आदर्श ठेवायला. त्यांना ते फार आवडलं. लिहून दे म्हणाले, भिंतीवर लावू.

आता खरं ते. इथल्या पोहणाऱ्यांच्या मंडळात बाबांच्या त्या दिवसाची नोंदवही आहे. मागच्या आठवड्यात मी ती वाचली. सगळं तुझ्या अक्षरात आहे. दर अर्ध्या तासाला काय प्यायला दिलं, वारा कसा होता, आणि शेवटी दरवेळी तेच: "प्रश्नाचं उत्तर बरोबर. शुद्धीत. ठीक." सतरा वेळा 'ठीक', आत्या. साडेआठ तासांच्या नोंदीतही ठीक. आणि त्याच्याखाली, दहाच मिनिटांनी: "हात लावला. समाप्त."

पोहणाऱ्याला कुणाचाही हात लागला की सगळं संपतं. हा नियम मला तूच शिकवलास. सहा किलोमीटर उरले होते. ब्लफची घरं दिसत होती. शुद्धीत असलेल्या माणसाला तू का हात लावलास? त्यानंतर पाच महिने, मरेपर्यंत, ते तुझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मी तेव्हा डुनेडिनला शिकत होते. सगळे म्हणाले, थकले होते, विचारू नकोस. मी विचारलं नाही. आता विचारतेय.

तुझं उत्तर काहीही असलं तरी होडीत तू नको आहेस. रागाने म्हणत नाहीये. तू घाबरशील आणि हात पुढे करशील.

मोरॅग


हाफमून बे
२१ जानेवारी

प्रिय मोरॅग,

तुझं पत्र पिशवीतून मीच काढलं, शिक्का मीच मारला आणि काउंटरवर मीच मला दिलं. परत पाठवायची सोय असती तर तेही केलं असतं.

मर्यादा, ताकद आणि आदर्श यांविषयी: हे वाक्य शाळेच्या फाटकावर जरूर रंगवा. पण पाण्यात नेऊ नकोस. पाचव्या तासाला मिठाने जीभ सुजून अक्रोडासारखी होते. खांद्यात कुणी सुरी फिरवतंय असं वाटतं. त्या वेळी आदर्श पहिला बुडतो आणि मर्यादा त्याच्या पाठोपाठ. मी साडेआठ तास पाहिलंय ते. पुढे नेणारं कारण लहान असतं आणि त्याची लाज वाटते. एक जण बायकोने "तुला जमणार नाही" म्हटलं म्हणून पोहत राहिला होता. नंतर तिला सोडून गेला तो, पण पोहला. तुझ्याजवळ लाज वाटेल असं काही असेल तर कळव.

नोंदवहीबद्दल: अक्षर माझंच आहे. हात मीच लावला. घाबरले होते, असंच समज. लोक तसंच समजतात, आणि माझं काही अडलेलं नाही. क्लॅरीला विचारायला जाऊ नकोस. तो सांगणार नाही.

उन्हाळा नावालाच आहे. मांजर भट्टीपुढून हलत नाही.

इसोबेल आत्या


इन्व्हरकार्गिल
२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

लाज वाटेल असं कारण मागितलंस. घे.

रोज दुपारी मी ब्लफच्या बंदरात पोहते. चार तास, पाच तास. उजवीकडे मंडळाची होडी असते आणि मी श्वास उजवीकडेच घेते, त्यामुळे डावीकडचं पाणी मला दिसत नाही. गेल्या तीन आठवड्यांपासून डावीकडे कुणीतरी पोहतंय.

हसू नकोस. आवाज येतो. बाबांचा तो मोडलेला खांदा आठवतो ना? त्यांचा उजवा हात पाण्यात उशिरा पडायचा. एक, मग जरा थांबून, दोन. लहानपणी किनाऱ्यावर बसून, डोळे मिटून, मी दहा जणांतून त्यांना ओळखायची. तोच आवाज आहे. मी थांबले की थांबतो. मान वळवली की कोणी नसतं. म्हणून आता मी मान वळवत नाही.

दरवेळी मी जितकी लांब जाते, तितका तो जवळ येतो. काल पाण्याचा हेलकावा बरगड्यांना लागला.

आईची होडी उलटली तेव्हा मी सहा वर्षांची होते. ती सापडली नाही. बाबा तिच्यासाठीच पोहले, हे काय तुला मी सांगायला हवं? ते जिथे थांबले त्या जागेपर्यंत मला जायचंय. साडेआठ तास. ते तिथेच असणार, दोघंही. पलीकडच्या किनाऱ्याचा मी खरं सांगायचं तर विचारच केलेला नाही.

मुख्याध्यापकांना हे भिंतीवर लावता येणार नाही.

मोरॅग


हाफमून बे
४ फेब्रुवारी

मोरॅग,

आज दुकान उघडलं नाही. लोक पाव नाही म्हणून बोंबलतायत. बोंबलू देत.

तीन वर्षं जे दाबून ठेवलं ते लिहिते. एकदाच वाच आणि चुलीत घाल.

थंड पाण्यात माणसाचं डोकं आधी जातं, हात-पाय नंतर. म्हणून दर अर्ध्या तासाला प्रश्न विचारायचा. उत्तर चुकलं की बाहेर काढायचं. मर्डो पाण्यात उतरायच्या आधी मी ठरवलं, सोपा प्रश्न विचारू, बिचाऱ्याला त्रास नको. "मर्डो, तुझ्या मुलीचं नाव काय?" तो म्हणायचा, "मोरॅग." मी लिहायची, ठीक.

पुन्हा अर्ध्या तासाने तोच प्रश्न. "मोरॅग." ठीक. सतरा वेळा, पोरी. दरवेळी तोच प्रश्न! शहाणी म्हणवणाऱ्या मला एवढं कळू नये, की तेच तेच विचारलं तर पोपटसुद्धा शुद्धीत ठरतो? पंधराव्या वेळी मी तोंड उघडायच्या आत तो "मोरॅग" म्हणाला. मी लिहिलं, ठीक. सोळाव्या वेळी तो माझ्याकडे बघतच नव्हता. क्लॅरी म्हणाला, "इसोबेल, मला हे डोळे आवडत नाहीत." मी म्हटलं, "तुला कुणाचे डोळे आवडलेत आजवर?" आणि लिहिलं, ठीक.

सतराव्यानंतर तो थांबला. दोन्ही हात सोडून उभा राहिल्यासारखा तरंगत होता. डावीकडे बघून हसत होता. वर्षानुवर्षं मी त्याला तसा हसताना पाहिला नव्हता. मी विचारलं, "मर्डो, मुलीचं नाव?" "मोरॅग." मग कोण जाणे काय सुचलं, मी विचारलं, "आणि मोरॅग आहे कुठे?"

त्याने बोट दाखवलं. पाण्याकडे. म्हणाला, "ही काय, आईच्या कडेवर. बघ ना, किती लहान आहे अजून."

तू डुनेडिनच्या वसतिगृहात जिवंत होतीस, पोटभर जेवत होतीस. आणि तुझ्या बापाने तुला तिथे, मेलेल्यांत नेऊन ठेवलं होतं.

मी हात लावला नाही गं, मी त्याला मानेला धरून ओढलं. तो भांडला. क्लॅरीच्या होडीत, घोंगड्यांखाली, तो मला एवढंच म्हणाला: "आम्ही तिघं होतो. तू मोडलंस." त्यानंतर पाच महिने माझ्या मागच्या खोलीत पडून होता, खिडकीकडे तोंड करून. फुप्फुसं गेलीच होती.

हे मी तुला कोणत्या तोंडाने सांगायचं होतं? बापाला शेवटी तू जिवंत आहेस याचीही शुद्ध नव्हती, असं? त्यापेक्षा आत्या घाबरट, हे बरं.

आता नीट ऐक. मेलेल्यांसाठी पोहणारा मध्येच थांबतो, कारण मेलेले मध्येच असतात. किनाऱ्यावर त्यांचं काही काम नसतं. तुझ्या डाव्या बाजूला कोण पोहतं मला माहीत नाही. पण तो तुला ब्लफला नेत नाहीये.

मी तुला अडवणार नाही. अडवलेला माणूस कसा मरतो ते पाहिलंय. पण पलीकडच्या किनाऱ्यावरचं एक कारण शोध. फालतू असलं तरी चालेल.

इसोबेल


इन्व्हरकार्गिल
१३ फेब्रुवारी

आत्या,

आठ दिवस पाण्यात गेले नाही. पत्र जाळलं.

किनाऱ्यावरचं कारण सापडलेलं नाही. तरी जाणार आहे.

होडीत ये. अटी दोन. प्रश्न दरवेळी नवा. आणि उत्तर चुकल्याशिवाय हात लावायचा नाही, मी कशीही दिसले तरी.

शनिवारी, बावीस तारखेला, वारा पडेल असं क्लॅरी म्हणतो.

मोरॅग


इन्व्हरकार्गिल
१ मार्च

प्रिय आत्या,

आता पेन धरता येतंय. जीभ अजून जाड आहे. सोमवारी वर्गात मी "बसा" म्हटलं ते कुणालाच कळलं नाही, सगळे उभेच राहिले.

तुझे प्रश्न आठवून अजून हसू येतं. तिसऱ्या तासाला "साबणाच्या वडीचा भाव काय?" मी सांगितला, तर तू म्हणालीस, "तो इन्व्हरकार्गिलचा. माझ्या दुकानातला सांग." पाचव्या तासाला, मी रडत होते तेव्हा, "क्लॅरीचं लग्न का मोडलं?" आणि क्लॅरी सुकाणूवरून ओरडला, "हे तिला कसं माहीत असेल? मलाच माहीत नाही!" मी खारं पाणी गिळलं हसताना.

पण मला त्या जागेविषयी लिहायचंय.

साडेआठ तास झाले होते. मी थांबले. तुम्हाला दोघांनाही कळलं. क्लॅरीने इंजिन बंद केलं आणि इतकं शांत झालं, की होडीच्या पोटाला लागणारं पाणी ऐकू येत होतं. मी डावीकडे वळले. पहिल्यांदाच, पूर्ण वळले.

तू विचारलंस, "काय बघतेस गं?"

मी म्हटलं, "बाबा आहेत."

तू काठावरून इतकी वाकली होतीस, की तुझा हात माझ्या डोक्यापासून वीतभर होता. मला वाटलं, झालं, आता धरणार. आणि तू म्हणालीस, जसं गिऱ्हाइकाला विचारावं तसं, "असू देत. विचार त्यांना, ब्लफपर्यंत येतायत का?"

मी पुन्हा डावीकडे पाहिलं. मग म्हटलं, "नाही म्हणतात."

"मग त्यांना राहू दे. तू चल. माझे पाय गारठलेत."

आणि मी निघाले.

आत्या, आता खरं सांगते. तिथे कोणी नव्हतं. बाबा नव्हते, आई नव्हती, आवाजसुद्धा नव्हता. साडेआठ तास मी त्या भेटीसाठी पोहले, आणि मान वळवली तर नुसतं राखाडी पाणी. इतकं रिकामं मी काही पाहिलेलं नाही. मी खोटं बोलले. कोणी नाही, हे तोंडातून काढवेना. म्हटलं, आहेत म्हणावं, म्हणजे तू मला ओढून घेशील, आणि मग सगळा दोष तुझा. बाबांसारखंच. सोपं झालं असतं.

तू ओढलं नाहीस. वीतभर अंतरावर हात धरून राहिलीस, आणि मग तो मागे घेतलास. तू मला मागे सोडायला तयार नव्हतीस आणि बाहेर काढायलाही नाही. पुढचे दोन तास चाळीस मिनिटं मी तुझ्यावर इतकी चिडले होते, की पोहण्याखेरीज काही करता येईना. आई-बाबांवरही चिडले होते. आले का नाहीत? एवढ्या लांब गेले होते मी. ब्लफच्या खडकावर गुडघे टेकले तेव्हासुद्धा रागातच होते. तुला वाटलं, आनंदाने रडतेय. तू क्लॅरीला तसंच सांगत होतीस.

तर हे माझं किनाऱ्यावरचं कारण: कुणावर तरी चिडायचं, तर तो माणूस जिवंत हवा. फालतू चालेल म्हणाली होतीस.

आता डावीकडे शांत आहे. काल बंदरात उतरले होते. फक्त माझेच हात. ऐकत ऐकत पोहले, आणि शेवटी फार एकटं वाटलं.

तुझी
मोरॅग


हाफमून बे
६ मार्च

प्रिय मोरॅग,

तुला कोणी दिसलं नाही हे वाचून मी खुर्चीत बसले. तिकिटं घ्यायला आलेल्याला म्हटलं, उद्या ये. तो म्हणाला, "पत्र आजच जायचंय." मी म्हटलं, "मग पोहून ने. आमच्याकडे तशी पद्धत आहे."

बरं झालं, तुला दिसलं नाही. पण मी खोटं लिहिणं थांबवलंय, तेव्हा हेही लिहिते.

तू वळलीस तेव्हा समुद्राला बारीक लाटा होत्या, सगळीकडे, नजर जाईल तिथवर. तुझ्या डावीकडे, हाताच्या अंतरावर, पाण्याचा एक तुकडा सपाट होता. तेल पडल्यासारखा. माणसाएवढा. लाटा तिथवर यायच्या आणि त्याला वळसा घालून जायच्या.

मी तो पाहिला म्हणून म्हटलं, विचार त्यांना. धीर म्हणून नव्हे. मला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. आणि तू "नाही म्हणतात" म्हणालीस तेव्हा, मोरॅग, तुला काय माहीत मला काय ऐकू आलं ते. तीन वर्षं तो माझ्याशी बोलला नव्हता.

तू निघालीस. तो तुकडा आला नाही. आम्ही पुढे गेलो, तो तिथेच राहिला. मी मागे वळून बघत होते, दिसेनासा होईपर्यंत. क्लॅरीला विचारलं नाही. पण त्याने टोपी काढून हातात धरली होती, आणि तो माणूस चर्चमध्येही टोपी काढत नाही. मग टोपी घालून म्हणाला, "प्रवाह कधी कधी असं करतो." मी म्हटलं, "हो, करतो." यापुढे आमच्यात त्या विषयावर शब्द होणार नाही, याची मला खात्री आहे.

चीड हे कारण चांगलं आहे. टिकाऊ आहे. माझी तर चाळीस वर्षं टिकलीये. चिडत जा माझ्यावर, पत्राने चीड, फोन महाग पडतो. आणि एकटं वाटलं तर शनिवारच्या फेरीबोटीने ये. बोटीने म्हटलंय मी.

एक गोष्ट तुला ठाऊक नाही. त्या दिवशी माझी बोटं बधिर झाली होती, म्हणून क्लॅरीने त्याचा लोकरीचा हातमोजा मला दिला, उजव्या हाताचा. तुझ्यावर वाकले तेव्हा तो निसटून पाण्यात गेला. मला कळलंसुद्धा नाही. घरी परतताना तो माणूस एक हात खिशात घालून सुकाणू धरून होता आणि मोज्याचं नावही त्याने काढलं नाही.

काल तो पबमध्ये असताना मी धक्क्यावर गेले आणि त्याच्या होडीच्या खुंटीला नवा हातमोजा अडकवून आले. एकच. एकच गेला होता.

तुझी आत्या,
इसोबेल